दोनदा टोचलेले तात्या

“आपल्याला आजपर्यंत कुणी फसवलं नाही, आणि फसवेल असा माणूस अजून जन्माला यायचाय!”

तात्या कुरुंदवाडकरांचं हे वाक्य मंगळवार पेठेतल्या त्यांच्या गल्लीला इतकं पाठ झालं होतं, की त्यांनी ‘आपल्याला’ म्हणायला तोंड उघडलं की समोरच्या कट्ट्यावरची मंडळी पुढचं स्वतःच म्हणून मोकळी व्हायची.

तात्या म्हणजे अंबादास त्र्यंबक कुरुंदवाडकर. कचेरीत तीस वर्षं रेकॉर्ड सांभाळून पासष्ट साली पेन्शनीत निघालेले. तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं. समोर येईल त्या कागदाकडे ‘हा खोटाच असणार’ अशा नजरेनं बघणं! बरं, ती नजर तरी निघताना कचेरीत जमा करून यायची की नाही? ती ते घरी घेऊन आले. पोस्टमननं पाकीट दिलं की आधी उजेडात धरायचे. देवळात प्रसाद मिळाला तर पुजाऱ्यानं स्वतः खाल्ला का ते बघायचे. कुणी रस्त्यात “काय तात्या, बरं हाय न्हवं?” म्हणालं तर घरी येऊन बायकोला विचारायचे, “हा आज माझी चौकशी का करत होता?”

आता कोल्हापुरात दूध प्यायचं ते म्हशीजवळ उभं राहून. गंगावेशीत म्हशी उभ्या असतात, गिऱ्हाईक समोर उभं राहतं आणि धार थेट भांड्यात पडते. मधे पाणी घालायला वावच नाही! पण तात्यांना तिथंही वाव दिसायचा. केरबा गवळी धार काढायला बसला की ते आधी त्याला चरवी पालथी करायला लावायचे, मग सदऱ्याच्या बाह्या वर करायला लावायचे, आणि शेवटी म्हशीभोवती एक चक्कर मारून यायचे.

“तात्या,” केरबा एकदा कावून म्हणाला, “म्हशीत पानी कुठनं घालू वो? नळ बशिवलाय व्हय तिला?”

“सकाळपासनं तिला पाणी किती पाजलंस ते सांग आधी!” तात्या म्हणाले.

केरबानं कपाळाला हात लावला. म्हैस बिचारी मुकाट उभी होती.

अशा माणसाबरोबर माईंनी एकतीस वर्षं संसार केला. या एकतीस वर्षांत त्यांनी जोतिबा, नरसोबाची वाडी आणि पेठ वडगावचं माहेर एवढंच पाहिलं. आणि त्यांच्या मनात इच्छा एकच. एकदा समुद्र बघायचा आणि आगबोटीत बसायचं! लग्न झाल्या वर्षीच तात्यांनी कबूल केलं होतं, पण दर वर्षी काहीतरी निघायचं. एकदा म्हणाले, “बोटीच्या तळाला भोक असलं तर आपल्याला कोण दाखवणार?” एकदा म्हणाले, “कप्तान पोहता येणारा आहे का, याची चौकशी करतो.” ती चौकशी अकरा वर्षं चालली होती.

सहासष्टच्या चैत्रात मात्र तात्या कोंडीत सापडले. मुंबईला त्यांच्या लीलाला दुसरा मुलगा झाला. लीलाचं पत्र आलं, ‘आई आल्याशिवाय बारसं करणार नाही.’ सोबत जावयानं काढून पाठवलेली दोन तिकिटं, रत्नागिरी ते मुंबई, आगबोटीची, अठरा दिवसांनंतरच्या शनिवारची! माईंनी ती तिकिटं देवापुढं ठेवली आणि हळदकुंकू वाहिलं. तात्यांनी ती देवापुढून उचलली आणि भिंग लावून पाहिली.

“तिकिटं खरी दिसताहेत,” ते नाइलाजानं म्हणाले. मग पत्राच्या मागची बाजू वाचून त्यांचे डोळे चमकले. “हे बघ! म्हटलं होतं ना? यात भानगड आहे!”

भानगड अशी होती. त्या वर्षी पटकीची साथ होती. परदेशात कुठंतरी निघालेली, देशामागून देश पालथे घालत आलेली. म्हणून बोटकंपनीनं नियम कडक केले होते. प्रत्येक उतारूजवळ पटकीच्या इंजेक्शनचं कार्ड पाहिजे. इंजेक्शन घेतल्यावर सहा दिवस पूर्ण झालेले पाहिजेत. बंदरावर डॉक्टर कार्ड तपासणार. कार्ड नाही तर बोट नाही!

“एवढे नियम का करतात माणसं?” तात्या म्हणाले. “आत काहीतरी असल्याशिवाय? माई, मी म्हणतो, आगगाडीनं जाऊ.”

माई भाकरी थापत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही, पण आवाज असा काढला की तात्यांनी भिंग खाली ठेवलं. “नियम आहे तर पाळू. उद्या टोचून घेऊ. यंदा मी बोटीनं जाणार म्हणजे जाणार. एकतीस वर्षं झाली, अहो! आता ही बोट चुकली तर मी पुन्हा तुमच्यापाशी नाव काढायची नाही, पण विसरायचीही नाही.”

झालं! एवढं ऐकल्यावर तात्यांना दुसरा रस्ताच उरला नाही.

जोतिबाच्या यात्रेसाठी गल्लीच्या टोकाच्या तालमीत टोचणीचं केंद्र उघडलं होतं. आखाड्याच्या कडेला टेबल, टेबलामागं सयाजी कंपाउंडर, आणि पुढं ही मोठी रांग. गल्लीतले पैलवान तेवढे रांगेच्या शेवटी जाऊन उभे होते आणि पुन्हा पुन्हा शेवटीच जात होते. तात्यांचा नंबर आला. त्यांनी हात पुढं करायच्या ऐवजी मान पुढं केली.

“बाटली आधीच उघडलेली दिसतेय,” ते म्हणाले.

“मग? शंभर माणसं टोचलीत सकाळधरनं.”

“माझ्यासमोर नवी उघडा.”

“तात्या, ही काय गंगावेस न्हाय!” सयाजी म्हणाला. मागनं रांग ओरडायला लागली. “अवो तात्या, टोचून घ्या की! म्हातारपनी काय घाबरताय?” गणपतराव तर रांगेतूनच गरजले. गणपतराव म्हणजे तात्यांचे अगदी समोरचे शेजारी, दुधाचा धंदा केलेला गडी, आवाज असा की कुजबुजले तरी चौकात ऐकू जावं. तात्यांनी बाटली हातात घेतली, उजेडात धरली, हलवली, बुचाला नाक लावलं आणि शेवटी बाही वर केली. आधी माईंना टोचलं, मग तात्यांना. दोघांच्या कार्डांवर तारीख पडली, सही झाली, शिक्का बसला. शिक्का पुसट आहे म्हणून तात्यांनी पुन्हा मारून घेतला.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. तात्या गप्प बसले असते तर ही गोष्ट इथंच संपली असती आणि दोघं जोडीनं बारशाचे पेढे खाऊन आली असती. पण त्याच दिवशी संध्याकाळी माईंना ताप भरला!

दंड सुजला, अंग तापलं, माई गोधडी घेऊन पडल्या. गल्लीतल्या चिमणाबाई बघायला आल्या आणि खूश झाल्या. “ब्येस झालं! ताप आला म्हंजे औषद लागू पडलं. आमच्या ह्यास्नी तर सांजधरनं उठवंना!” गणपतरावांना ताप आला होता. त्यांच्या सुनेला आला होता. सयाजी कंपाउंडरनं स्वतःला टोचलं होतं, त्यालासुद्धा आला होता. अख्खी गल्ली कण्हत होती. तेवढे तात्या ठणठणीत!

पहिल्या दिवशी तात्यांना याचा अभिमान वाटला. दुसऱ्या दिवशी ते विचारात पडले. तिसऱ्या दिवशी त्यांनी शेजारून थर्मामीटर आणला आणि काखेत धरून बसले. अठ्ठ्याण्णव! चहा पिऊन पुन्हा लावला, तरी अठ्ठ्याण्णव.

“माई,” ते हळूच म्हणाले, “मला पाणी टोचलंय.”

“अहो, एकाच बाटलीतलं होतं दोघांना!”

“तेच तर! तुला खरं औषध दिलं. मी आधी बाटली तपासली ना, त्याचा राग धरला त्यानं. मी कार्ड वाचत होतो तेव्हा सुई बदलली असणार.”

“सयाजीला कशाला पडलंय?”

“हेच मला शोधून काढायचंय!” तात्या म्हणाले.

आणि ते खरोखर शोधायला लागले. सयाजी रस्त्यात दिसला की त्याच्या मागनं चालायचे. एकदा तो हॉटेलात मिसळ खाताना दिसला, तर तात्यांनी बाहेर उभं राहून बघितलं. कंपाउंडरच्या पगारात रोज मिसळ? म्हणजे औषध बाहेर विकतोय! शेवटी सयाजीनंच येऊन विचारलं, “तात्या, माज्यासंगं काय काम हाय का तुमचं? चार दिस झालं सावलीगत मागं लागलाय!” तात्या म्हणाले, “का? तुला भीती का वाटते?” सयाजी डोकं खाजवत निघून गेला. एवढं झाल्यावर तर तात्यांची खात्रीच पटली.

असे दिवस गेले. बोटीचा शनिवार पुढच्या आठवड्यावर आला, तेव्हा तात्यांनी निर्णय घेतला. पटकीनं मरायचं नाही, आणि खोट्या कार्डावर प्रवासही करायचा नाही! त्यांनी कॅलेंडर काढलं, बोटं मोडली. सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी. बरोबर सहा! सोमवारी टोचलं की शनिवारी बोटीत बसायला मोकळे. माई म्हणाल्या, “कशाला पण? कार्ड आहे ना?” तात्यांनी त्यांच्याकडे दयेनं पाहिलं.

सोमवारी सकाळी तात्या चौकातल्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर बिचारे भले. कार्ड बघून म्हणाले, “तुम्ही टोचून घेतलंय की. पुन्हा गरज नाही.”

“ते पाणी होतं.”

“कोण म्हणतं?”

“मला ताप आला नाही!”

“सगळ्यांना येत नाही.”

“सगळ्यांना आला! गल्लीत जाऊन विचारा.”

अर्धा तास हुज्जत झाली. बाहेर पेशंट खोळंबले. शेवटी डॉक्टरांनी नवी बाटली तात्यांच्या समोर फोडली आणि दंडात सुई खुपसली. कार्डावर दुसऱ्या ओळीत तारीख घालणार, तेवढ्यात तात्यांनी त्यांचा हात धरला.

“आधी वरची नोंद रद्द करा.”

“असू दे ना. काय बिघडतं?”

“डॉक्टर, तीस वर्षं रेकॉर्डात काढलीत मी! एका कागदावर एक खोटी आणि एक खरी नोंद राहिली की खरीसुद्धा खोटी ठरते. आडवी रेघ मारा. ‘रद्द’ लिहा. खाली सही करा.”

डॉक्टरांनी रेघ मारली, ‘रद्द’ लिहिलं, सही केली. तात्यांनी मागितल्यावर शिक्काही मारला. तात्या घरी आले ते कचेरीत मोठा घोटाळा पकडल्यासारखे. या खेपेलाही त्यांना ताप आला नाही, पण दंड थोडा दुखला, आणि दंड दाबून दाबून त्यांनी तो आणखी दुखवून घेतला.

शुक्रवारी दोघं एसटीनं निघाली. तात्यांनी तिकिटं बंडीच्या आतल्या खिशात ठेवून वर दोन पिना लावल्या होत्या. आंबा घाटात शेजारच्या माणसानं “पावणं, कुठं निघालाय?” म्हणून विचारलं, तर तात्यांनी “अजून ठरलं नाही” असं उत्तर दिलं. रत्नागिरीत माईंच्या लांबच्या आक्कांकडे मुक्काम केला आणि शनिवारी सकाळी दोघं बंदरावर पोचली.

आणि माईंनी समुद्र पाहिला! त्या पिशवी हातात धरून उभ्याच राहिल्या. लांब खोल पाण्यात आगबोट उभी होती, धूर सोडत. धक्क्यावरून मोठ्या होड्या, म्हणजे पडाव, भरून माणसं तिच्याकडे निघाली होती. माईंच्या डोळ्यांत पाणी आलं. “अहो, केवढी आहे हो!” त्या म्हणाल्या. “किती वर्षं मी हिचं नाव घेत होते!”

“मोठी आहे,” तात्या म्हणाले, “पण जरा डावीकडं कललेली वाटते.”

धक्क्यावर टेबल टाकून बंदरावरचे डॉक्टर बसले होते. रांग मोठी, ऊन कडक. डॉक्टर हातात कार्ड घेत, वर माणसाच्या तोंडाकडे बघत, “उलटी? जुलाब? काही नाही ना?” विचारत आणि धाडकन शिक्का मारत. की निघाला उतारू पडावाकडे! रांग भराभर सरकत होती. कुणी भांडत नव्हतं, कुणी अडत नव्हतं. तात्यांना हे बघवेना.

“माई, तो तारीख बघतच नाही!”

“बघत असतील हो.”

“नाही बघत! मी मघापासनं मोजतोय. अकरा कार्डं झाली, एकाचीही तारीख वाचली नाही. त्या लुंगीवाल्याचं तर कार्ड उलटं होतं!”

“अहो, आपल्याला काय करायचंय? आपला नंबर आला आता. गप्प उभे राहा, तुमच्या पाया पडते!”

माईंच्या पुढं शालूबाई नावाच्या एक मास्तरीणबाई उभ्या होत्या. त्या दर सुट्टीत याच बोटीनं मुंबईला जायच्या. तासाभरात त्यांची आणि माईंची चांगली गट्टी जमली होती. त्याही मागं वळून म्हणाल्या, “काका, बोट सुटायला पाऊण तास राहिलाय. होऊ द्या ना.” पण तात्यांच्या अंगात तीस वर्षांचं रेकॉर्ड संचारलं होतं. शालूबाई शिक्का घेऊन बाजूला झाल्या, माई टेबलापुढं आल्या, त्यांच्या कार्डावरही धाडकन शिक्का बसला. आणि डॉक्टरांनी तात्यांच्या कार्डासाठी हात पुढं केला.

तात्यांनी कार्ड मागं घेतलं!

“न वाचता शिक्का मारताय तुम्ही,” ते मोठ्यानं म्हणाले. “ही काय तपासणी झाली? साथ कुठून कुठं आली, आणि तुम्ही इथं तोंडं बघून माणसं सोडताय! उद्या बोटीत पटकी झाली तर जबाबदार कोण? मी वरपर्यंत लिहीन!”

डॉक्टरांनी शिक्का खाली ठेवला. खिशातून चष्मा काढला, पुसला, डोळ्यांवर चढवला.

“बरोबर आहे तुमचं,” ते शांतपणे म्हणाले. “आणा इकडं. नीट वाचतो.”

तात्यांनी विजयी मुद्रेनं रांगेकडे पाहिलं आणि कार्ड दिलं.

डॉक्टरांनी वाचलं. एकदा, मग पुन्हा एकदा. “इंजेक्शन सोमवारी?”

“सोमवारी. आज शनिवार. सहा दिवस!”

“सहा दिवस पूर्ण झाले पाहिजेत. सोमवारी घेतलं म्हणजे मंगळवारी एक दिवस झाला. आज पाच. सहा होणार उद्या.”

“असं कसं?” तात्या बोटं मोडायला लागले. “सोम, मंगळ, बुध...”

“सोमवार धरायचा नाही.”

“का नाही धरायचा? बारावं करताना पहिला दिवस धरतात की नाही?”

“बारावं करताना धरा. इथं नाही!” मागच्या रांगेत खसखस पिकली. डॉक्टरांनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं. “पण थांबा, वर आणखी एक नोंद दिसतेय. अडीच आठवडे होत आले. ही चालली असती की! ही कुणी खोडली?”

“मी... खोडून घेतली.”

“का?”

“ती खोटी होती.”

“खोटी?”

“म्हणजे, मला तेव्हा तसं वाटलं. पण आता विचार केला तर ती खरीच असणार. अगदी खरी! सयाजी फार प्रामाणिक माणूस आहे हो. आमच्या गल्लीतलाच! त्याच्यावर मी डोळे झाकून विश्वास टाकतो.”

“अहो पण इथं रेघ आहे, ‘रद्द’ लिहिलंय, खाली सही आहे, वर शिक्का आहे,” डॉक्टर म्हणाले. “इतकी पक्की रद्द केलेली नोंद मी नोकरीत पाहिली नाही. माफ करा. आज तुम्हाला सोडता येणार नाही. पुढचा!”

“पुढच्या बोटीनं?”

“पणजीकडं साथ वाढलीय. उद्यापासनं बोटी बंद. पुन्हा कधी सुरू होतील सांगता येत नाही.”

मग रांगच तात्यांवर उलटली, कारण डॉक्टरांनी आता चष्मा काढलाच नाही! प्रत्येक कार्ड वाचायला लागले. लुंगीवाला परत गेला. एका वऱ्हाडातला नवरदेव अडकला. त्याचा मामा तात्यांकडे असा बघत होता की तात्या दोन पावलं माईंच्या मागं सरकले.

“चला,” ते माईंना हळूच म्हणाले. “परत जाऊ. आगगाडीनं जाऊ मुंबईला. पुन्हा बघू बोटीचं.”

माई बोटीकडे बघत होत्या. आणि मग तात्यांनी जे केलं ते त्यांना पुढं कधीच कुणाला सांगता आलं नाही. ते टेबलाजवळ गेले, वाकले आणि डॉक्टरांना म्हणाले, “यांचंही कार्ड एकदा वाचून बघता का? न वाचता शिक्का मारलाय तुम्ही.”

डॉक्टरांनी तात्यांकडे पाहिलं, मग माईंचं कार्ड मागून घेतलं आणि पहिल्या अक्षरापासून वाचलं. “चोख आहे,” ते म्हणाले. “बाई, तुम्ही जाऊ शकता.”

माईंनी सगळं ऐकलं होतं! त्यांचा चेहरा लाल झाला. एकतीस वर्षांत त्या तात्यांवर रागावल्या होत्या, रुसल्या होत्या, पण असं कधी त्यांच्याकडे बघितलं नव्हतं. त्यांनी हात पुढं केला. “तिकीट द्या.”

“कुणाचं?”

“माझं.”

“तू? एकटी? अगं, तू गल्लीच्या टोकापर्यंत एकटी जात नाहीस!”

“तुम्ही जाऊ देत नाही म्हणून जात नाही. तिकीट द्या. पडाव निघाला.”

तात्यांनी बंडीत हात घातला. पहिली पीन निघाली. दुसरी निघेना! रांगेतली चार माणसं मदतीला आली. नवरदेवाच्या मामानं तर फार उत्साहानं मदत केली, बंडी टर्रकन फाटली आणि तिकीट बाहेर आलं. शालूबाईंनी माईंचा हात धरून त्यांना पडावात घेतलं.

“कुणाशी बोलू नको!” तात्या धक्क्यावरून ओरडले. “कुणाचं काही खाऊ नको! पिशवीवर बस! पिशवी सोडू नको!”

पडाव हलला. माईंनी पिशवी शेजारच्या अनोळखी माणसाच्या मांडीवर ठेवली आणि शालूबाईंच्या हातावरची कैरीची फोड उचलून तोंडात टाकली. बोटीची शिडी त्या एका दमात चढल्या. वर गेल्यावर कठड्याशी उभ्या राहिल्या, पण त्यांचं तोंड मुंबईच्या बाजूला होतं.

तात्या रविवारी कोल्हापुरात परतले, तेव्हा गणपतराव कट्ट्यावरच बसले होते.

“आं? तात्या? माई कुठं हाईत?”

“गेली.”

“गेल्या!” गणपतराव उभेच राहिले. अख्ख्या चौकाला ऐकू गेलं. चिमणाबाईंनी तिथंच हंबरडा फोडला. “अगं माज्या माई गं! पटकीनं न्हेली गं!”

“अहो, बोटीनं गेली! मुंबईला! एकटी!”

“एकटी? माई?” गणपतरावांनी तात्यांची फाटलेली बंडी पाहिली, सुजलेले डोळे पाहिले. “तात्या, आमाला उल्लू बनवू नका. माई एकट्या दळपाला जाईनात, आन् बोटीनं मुंबईला? खरं काय ते सांगा.”

“अंबाबाईची शपथ!”

“शपथ कुनीबी घेतंय.”

एका तासात सॅनिटरी इन्स्पेक्टर आले. बंदराच्या गावाहून आलेला माणूस, बायको बरोबर नाही, सांगतोय ते कुणाला पटत नाही! त्यांनी दारापुढं चुन्याची पांढरी भुकटी टाकली, दाराला कागद चिकटवला आणि तात्यांना पाच दिवस घरातून हलायचं नाही म्हणून बजावलं. आगगाडी राहिली, बारसं राहिलं. चिमणाबाई उंबऱ्याबाहेर जेवणाचं ताट ठेवून पळून जायच्या. तिसऱ्या दिवशी लीलाची तार आली. ‘आई सुखरूप. बारसं झालं.’ तात्यांनी ती खिडकीतून हलवून हलवून दाखवली.

“तार कुनीबी करतंय की,” गणपतराव कट्ट्यावरून म्हणाले.

“अहो पण मी खरं सांगतोय!” तात्या कळवळून ओरडले. “एकदा तरी माझ्यावर विश्वास ठेवा!”

कट्ट्यावर सयाजी कंपाउंडर मान वळवून हसत होता.

त्या पाच दिवसांत तात्यांना घर खायला उठलं. चहा कसा करायचा ते कळेना, साखर सापडेना. त्याहून वाईट म्हणजे ‘हा आज माझी चौकशी का करत होता?’ हे विचारायलाही घरात कुणी नव्हतं! पाचव्या दिवशी त्यांनी कागद घेतला आणि एकतीस वर्षांत कधी लिहिलं नव्हतं असं पत्र माईंना लिहिलं. ‘माझं चुकलं. धक्क्यावर मी तसं करायला नको होतं. तुझ्यावाचून करमत नाही. घरात तू नसलीस की काहीच खरं वाटत नाही. लवकर ये. हवं तर बोटीनं ये.’ लिहून झाल्यावर त्यांचे डोळे भरून आले. सहाव्या दिवशी पाकीट त्यांनी स्वतः नेऊन पेटीत टाकलं, आणि गल्लीला ठणकावून सांगितलं, “आठ दिवसांत माई समोर आणून उभी करतो, मग बोला!”

उत्तर आलं चार दिवसांनी. पोस्टकार्डच होतं, त्यामुळं गणपतरावांनी ते तात्यांच्या आधी वाचलं, आणि चौकाला ऐकू जाईल असं वाचलं.

‘सा. न. वि. वि. तुमच्या नावाचं एक पत्र पोचलं. अक्षर तुमच्यासारखं आहे. पण मजकूर वाचून हे तुम्हीच लिहिलंय असं वाटत नाही. चौकशी करते आहे. खात्री होईपर्यंत इथला मुक्काम वाढवला आहे. कळावे.’